भाव फोनवर कळतो, मग धंदा अडतो कुठे?

छोट्या धंद्याला संपर्काची अडचण आहे असं कुणी म्हटलं की पहिली आठवते ती रेंज. कोकणात तर हे लगेच पटतं. वाडी खाली वहाळाच्या कडेला, टॉवर वर सड्यावर आणि मध्ये डोंगर. फोन वाजला की माणूस बोलता बोलता ओटीवरून खळ्यात येतो, खळ्यातून गडग्यापर्यंत जातो आणि तिथेच उभा राहून सौदा करतो. ही अडचण खरी आहे, पण आता ती एकटी नाही आणि माझ्या मते सर्वांत मोठीही नाही. देवगडच्या बागायतदाराला वाशीच्या घाऊक बाजारातला भाव सकाळच्या चहाबरोबर कळतो. हर्णैच्या लिलावात आज काय झालं ते दुपारच्या आत दाभोळला माहीत असतं. तरीही धंद्याचं बोलणं अडतंच.

आधी फोनने काय साधलं ते पाहू, कारण ते थोडंथोडकं नाही. त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आपल्याच समुद्राच्या काठावरचं आहे, फक्त आणखी दक्षिणेला. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळात टप्प्याटप्प्याने मोबाइलचे टॉवर उभे राहिले. बरेच टॉवर किनाऱ्यालगत होते, त्यामुळे वीसेक किलोमीटर आत समुद्रातही फोन लागायचा. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या तारलीच्या बाजारांचा अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. फोन येण्याआधी होडी नेहमीच्याच बंदराला लागायची. तिथे मासळी जास्त झाली की भाव कोसळायचा, उरलेली मासळी टाकून द्यावी लागायची आणि त्याच सकाळी पंधरा किलोमीटरवर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. फोन आल्यावर होडीतूनच चार ठिकाणी विचारून, जिथे भाव तिथे माल उतरवायला सुरुवात झाली. मासळी फेकणं जवळपास बंद झालं. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला तीच मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळू लागली. दोघांचाही फायदा झाला, कारण जे वाया जात होतं तेच वाचलं.

मग हीच जादू कोकणातल्या प्रत्येक धंद्यात का झाली नाही? कारण तारली ही तारली असते. ती डोळ्यांना दिसते, ताजी की शिळी ते कल्ला उचलून कळतं, आणि पैसे तिथल्या तिथे चुकते होतात. त्या व्यवहारात एकच गोष्ट कमी होती, ती म्हणजे कुठे काय भाव चाललाय ही बातमी. फोनने ती दिली आणि काम झालं. आणि हे सुद्धा होडीवर कुणाचं देणं नसेल तर. आपल्याकडे हंगामाच्या तोंडावर डिझेल, बर्फ, जाळ्यांसाठी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि मासळी त्यालाच घालायची हा शब्द बऱ्याच बंदरांवर चालतो. दुसऱ्या बंदरात किलोमागे दहा रुपये जास्त मिळतायत हे अशा माणसाला फोनवर कळून उपयोग काय? उगाच जीव जळतो एवढंच.

डोळ्यांना न दिसणारा माल

आंब्याचं गणित आणखी अवघड आहे. हापूसची पेटी रात्री ट्रकमधून वाशीला जाते आणि मग बागायतदाराच्या हातात येते ती पट्टी. पट्टी म्हणजे दलालाने पाठवलेला हिशेब. समजा वीस पेट्या पाठवल्या. त्यातल्या बारा एका भावाने गेल्या, पाच त्याहून खाली, आणि तीन पेट्यांपुढे लिहिलेलं असतं ‘मऊ’, त्यांचा भाव पार पडलेला. खाली गाडीभाडं, हमाली वगैरे वजा करून उरलेला आकडा. आता त्या तीन पेट्या खरंच मऊ होत्या का? फोन केला तर उत्तर येतं, “अहो, माल वाटेत तापला.” हे खोटं असेलच असं नाही. मे महिन्यात, घाटातल्या वळणांवर, ताडपत्रीखाली माल तापतोच. पण खरं असलं तरी ते तपासायला बागायतदार तिथे नव्हता. अशा वेळी फोन असूनसुद्धा बोलणं होत नाही, नुसतं सांगणं होतं.

एकाला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नाही आणि तपासताही येत नाही, अशा बाजाराचं काय होतं हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन मांडलं. त्यासाठी २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्यांचं म्हणणं हापूसवर बसवून बघा. दादरच्या फुटपाथवर ‘अस्सल देवगड’ लिहिलेल्या दहा पेट्या आहेत. त्यांतल्या काही देवगडच्या, काही दुसऱ्याच राज्यातून आलेल्या. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, म्हणून तो खऱ्या आंब्याचा भाव द्यायला तयार होत नाही, मधलाच कुठलातरी देतो. त्या भावात बाहेरच्या मालवाल्याला चांदी आणि ज्याने खरोखर कलमं राखली, फवारण्या केल्या, त्याला तोटा. हळूहळू चांगला मालच त्या बाजारातून अंग काढून घेतो. यात फसवणारा एकटा असतो असं नाही. आपण खरे आहोत हे सांगायची सोय नसणं, हेच खऱ्या माणसाचं नुकसान.

या अडचणीवरचा एक सरकारमान्य उपाय म्हणजे भौगोलिक मानांकन, ज्याला सगळे जीआय म्हणतात. कोकणच्या हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे त्यात येतात. त्याआधी २०१६ मध्ये वेंगुर्ल्याच्या काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला मिळालं होतं. पण मानांकन प्रदेशाला मिळतं, तुमच्या बागेला आपोआप मिळत नाही. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी केली तरच त्याला ते पेटीवर लावता येतं. बऱ्याच जणांना वाटतं, आमच्या आंब्याला जीआय आहे, झालं. गिऱ्हाइकाला तर या खुणेचा अर्थच ठाऊक नसतो. दोन्ही टोकांना सांगायचं राहिलेलं, आणि मध्ये सुंदर शिक्का.

दलालाला शिव्या घालणं सोपं आहे म्हणून इथे एक सांगून ठेवतो. दलाल नुसता आंबा विकत नाही. दुकानदाराला माल उधार देण्याची जोखीम तो घेतो, बागायतदाराला अडीनडीला उचल देतो आणि वाशीत रोज पहाटे उभा असतो. त्याला वगळून थेट पुण्या-मुंबईच्या घरी पेट्या पाठवायच्या ठरवल्या की त्याने केलेलं सगळं बोलणं आपल्या घरावर येऊन पडतं. ते किती असतं याचा अंदाज पहिल्या मोसमात कुणालाच नसतो.

पेटी पोचते. गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी फोटो पाठवतं आणि खाली संदेश: “आंबे हिरवे आहेत. असे पाठवतात का?” इकडे माणूस कलमावर, हातात आंबे काढायचा झेला, फोन खाली बागेतल्या मांगरात. तीन तासांनी उत्तर जातं, “काकू, चार दिवस पेंढ्यात तसेच राहू द्या. वास सुटला की खा.” तोवर काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकून झालेलं असतं. आंबा तयार झाला की काढायचा आणि आढीत पिकवायचा, हे कोकणात शेंबड्या पोराला ठाऊक असतं, म्हणूनच ते पेटीवर लिहायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. आपल्याला जे फारच माहीत असतं तेच सांगायचं राहून जातं.

साक्याचं तर विचारूच नका. साका म्हणजे हापूसच्या गरात बाठ्याजवळ होणारा पांढुरका, आंबट, भुसभुशीत भाग. बाहेरून फळ एकदम फक्कड दिसतं. कापल्याशिवाय ना गिऱ्हाइकाला कळतं ना बागायतदाराला. म्हणजे इथे लपवलेलं काहीच नाही, दोघंही सारखेच आंधळे. अशा ठिकाणी माल किती चांगला आहे हे पुन्हा पुन्हा सांगून उपयोग नसतो. उपयोग होतो तो आधीच सांगितलेल्या अटीचा: डझनात साक्याचं फळ निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त घालू. ज्या बागायतदारांनी अशी चिठ्ठी पेटीत टाकायला सुरुवात केली त्यांचं गिऱ्हाईक टिकतं असं मला दिसतं. तक्रारी त्यांच्याकडेही येतात, पण त्या भांडणाच्या सुरात नसतात.

बाटलीवर काय लिहायचं

हीच गोष्ट बचत गटाच्या कोकम आगळाची. आगळ म्हणजे कोकमाचा मिठातला रस; तो सोलकढीला, आमटीला वापरायचा. शहरातलं गिऱ्हाईक सरबत समजून चार चमचे पाण्यात ढवळतं आणि थू थू करतं. बाटलीवर नाव असतं, गटाचं नाव असतं, बाईचं चित्र असतं, फक्त वापरायचं कसं ते नसतं. ‘एक वाटी नारळाच्या दुधाला दोन चमचे, वरून मीठ घालू नये’ एवढी एक ओळ पुरते.

लेबलाबाबत कायद्याची एक गंमत आहे. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असलीच पाहिजे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानालाही ते लागू झालं. पण दुकानातल्या बंद पाकिटावरची सक्तीची माहिती फक्त मराठीत चालत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे ती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी, मराठी त्याच्या जोडीला. घटक पदार्थ उतरत्या प्रमाणात, वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, शाकाहारीची हिरवी खूण, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक, हे सगळं फणसपोळीच्या तळहाताएवढ्या पाकिटावर माववायचं. ज्या ताई पोळ्या उन्हात वाळवतात त्यांनाच हे करावं लागतं. मोठ्या कंपनीत लेबलाला वेगळा माणूस असतो, तक्रारीला वेगळा, वसुलीला वेगळा. इथे सगळ्या खात्यांची मिळून एकच व्यक्ती, आणि चुलीवर आमटीही तिचीच.

छोट्या धंद्याची खरी अडचण मला इथे दिसते. बोलणं हे काम आहे, त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळेची किंमत कुणीच मालाच्या भावात धरत नाही. ‘रेट?’ एवढाच एक शब्द पाठवणाऱ्या पन्नास जणांना उत्तर द्यायला दुपार जाते, त्यांतले सहा जण माल घेतात.

व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप २०१८ पासून फुकट मिळतं. त्यात मालाची फोटोसकट यादी लावता येते, नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात, आणि ‘आता बागेत आहोत, संध्याकाळी सातनंतर उत्तर देऊ’ असा संदेश आपोआप जाऊ शकतो. तीन तासांच्या शांततेपेक्षा तो एक संदेश बरा. एक बारकावा मात्र फार कमी जणांना माहीत असतो. पाडव्याला ‘आंबा सुरू’ म्हणून ब्रॉडकास्ट यादीवर निरोप टाकला तरी तो पोचतो फक्त त्यांना, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय. एका यादीत २५६ जण मावतात, पण त्यांतल्या दोनशे जणांकडे तुमचा नंबर साठवलेला नसेल तर निरोप गेला छप्पन जणांना. गिऱ्हाईक आटलं म्हणून बागायतदार हळहळतो, आणि तिकडे गिऱ्हाइकाला वाटतं, यंदा आंबा नसेल. म्हणून पहिल्या पेटीतल्या चिठ्ठीवर ‘हा नंबर सेव्ह करा’ हे लिहायचंच.

रील काढायला शिकवणारी शिबिरं हल्ली तालुक्याला होतात. त्याबद्दल वाईट काही नाही. पण बिल कसं लिहावं हे शिकवणारं शिबिर कुणी घेतल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

खोली, पत्ता आणि खोटा फौजी

तारकर्ली, देवबाग, गुहागर, दिवेआगरकडे ज्यांनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, त्यांचा माल म्हणजे त्यांचं घरच. तिथे भांडण बहुधा न विचारलेल्या गोष्टीवरून होतं: एसी रात्रभर की दहा ते सहा, मासळीचं ताट बाजारभावाने की ठरलेल्या दराने, दारू चालते की नाही, समुद्र ‘समोर’ म्हणजे दारात की माडांच्या पलीकडे चालत. पत्ता हीसुद्धा डोकेदुखी. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा यावर पत्र बरोबर येतं, कारण पोस्टमन घर ओळखतो. पुण्याहून रात्री दहाला आलेली गाडी ओळखत नाही. नकाशावरची खूण स्वतः उभं राहून लावलेली बरी. शेजाऱ्याच्या परड्यात पाहुणे शिरल्याचे किस्से प्रत्येक वाडीत आहेत.

अविश्वास दुसऱ्या बाजूनेही आहे. ‘मी फौजेत आहे, आमच्या वीस जवानांसाठी खोल्या आणि जेवण हवंय, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असा फोन घरगुती निवास, खानावळी, मिठाईवाले यांना देशभर येत आला आहे. कोड स्कॅन करून पिन घातला की पैसे येत नाहीत, जातात. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. जितका उशीर तितकी आशा कमी. पैसे भरल्याचा नुसता स्क्रीनशॉट दाखवणाऱ्याचंही तेच. खात्यात जमा दिसल्याशिवाय ‘मिळाले’ म्हणू नये, मग समोरचा कितीही चांगल्या घरचा वाटो.

रेंजकडे पुन्हा एकदा येतो, कारण ती जाते तेव्हा सगळंच जातं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला धडकलं, तेव्हा वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या आणि कित्येक गावांचा संपर्क दिवसच्या दिवस तुटला. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूणला पूर आला, दुकानांत पाणी शिरलं आणि उधारीच्या वह्या भिजून लगदा झाल्या. कुणाकडून किती येणं आहे हे त्या वह्यांतच होतं. म्हणून महिन्याच्या शेवटी वहीच्या पानांचे फोटो काढून मुंबईतल्या भावाला पाठवून ठेवणं हा खुळचटपणा नाही. आणि एकाच कंपनीचं सिम घरात असू नये, हे तर आता सगळेच मानतात.

शब्दावरचे पैसे

शेवटचं बोलणं पैशाचं, आणि आपल्याकडे तेच सगळ्यांत अवघड. कुडाळच्या एखाद्या छोट्या युनिटने गोव्यातल्या हॉटेलला काजूगर दिले. फोनवर ठरलं, टेम्पोतून गेले. पैसे कधी? ‘बघू, पुढच्या आठवड्यात.’ चार आठवडे गेले. मागायची लाज वाटते, गिऱ्हाईक तुटेल ही भीती असते. मग हॉटेलचा मॅनेजर म्हणतो, “त्यात तुकडा जास्त होता.” आता महिन्यानंतर तुकडा किती होता हे कोण ठरवणार?

इथे कायदा छोट्या माणसाच्या बाजूने आहे, फक्त त्याला कागद लागतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि मुदत लेखी ठरलेली नसेल तर पैसे १५ दिवसांत द्यायचे. लेखी ठरलेली असली तरी ४५ दिवसांपलीकडे ती नेता येत नाही. मालाबद्दल लेखी हरकत १५ दिवसांत घेतली नाही तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणजे महिन्यानंतर आठवलेला तुकडा बाद. उशीर झाला तर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी करता येतो. त्यामुळे मार्चच्या सुमाराला मोठ्या गिऱ्हाइकांच्या हिशेबनिसाचे फोन स्वतःहून येऊ लागलेत, हा बदल मजेशीर आहे.

कागद म्हणजे वकिलाचा करार नव्हे. माल गेला की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर चार ओळी: तारीख, काजूगर कुठल्या प्रतीचे, किती किलो, काय दराने, पैसे कोणत्या तारखेपर्यंत. खाली ‘मिळाले का कळवा’. समोरून नुसतं ‘हो’ आलं तरी चालतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात असे संदेश पुरावा म्हणून चालतात, सोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तेव्हा संदेश पुसू नयेत, फोन बदलताना जुना बॅकअप सांभाळावा.

या सगळ्याला उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी हजार-पाचशे मागणारे भेटतील, ते सायबर कॅफेची मजुरी मागतायत एवढंच समजावं. नोंदणी माल देण्याआधीची असावी, नंतरची दाखवली तर वाद होतो. आणि एक पाचर आहे: दुसऱ्याचा माल घेऊन नुसता विकणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यमची नोंदणी मिळते, बँकेच्या कर्जात फायदाही होतो, पण थकलेल्या पैशांबद्दलच्या या तरतुदीचा लाभ त्याला नाही. काजू स्वतः फोडून, सोलून, प्रतवारी करून विकणाऱ्याला तो आहे. तक्रार छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करायची. त्यासाठी २०१७ मध्ये एमएसएमई समाधान हे पोर्टल सुरू झालं, आणि पुढची सुनावणी राज्याच्या सुविधा परिषदेपुढे होते. निकालाला कायद्यात ९० दिवस सांगितलेत, प्रत्यक्षात जास्त लागू शकतात. पण बऱ्याचदा तक्रारीपर्यंत जावंच लागत नाही, चार ओळींच्या संदेशाखाली ‘उद्यम क्रमांक अमुक’ लिहिलेलं दिसलं की पुढचा हप्ता वेळेवर येतो.